धरणाकाठची जमीन : विकावी कीं राखावी ?

पुणें जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्याला लागून, मावळ, मुळशी आणि वेल्हें (आतां राजगड) असे तीन डोंगरी तालुके आहेत. पवना, मुळशी आणि वरसगांव या धरणांचीं तळीं याच मुलखांत डोंगरांच्या कुशींत पसरलेलीं आहेत. भात, नाचणी व वरई यांवर पोट भरणारा हा मुलूख. येथील वरकस जमिनीस एके काळीं कोणी विचारीत नसे. आज त्याच जमिनीचा भाव एकरानें न बोलतां गुंठ्यानें बोलला जातो, आणि ज्या खडकाळ माळावरून तळ्याचें पाणी दिसतें, त्यास खालच्या पिकाऊ खाचराहून अधिक दाम येतो.

महसूल खात्याच्या चाकरींत आमचीं बरींच वर्षें अशा गांवांचीं दप्तरें लिहिण्यांत गेलीं. "भाऊसाहेब, गिऱ्हाईक आलें आहे, सही करूं का ?" हा प्रश्न आम्हांस कचेरींत किती वेळां ऐकावा लागला, त्याची गणती नाहीं. चाकरींत असतांना अशा प्रश्नास उत्तर देणें आमच्या अधिकारांत नव्हतें. दस्त पुढें आला म्हणजे तो तपासणें एवढेंच आमचें काम. आतां ती मर्यादा राहिलेली नाहीं. सबब धरणाकाठच्या जमिनीचा व्यवहार करतांना कास्तकारानें काय पाहावें, काय मागावें व कोठें थांबावें, याचा विचार आम्ही या लेखांत वाचकांपुढें मांडतों.

तळीं कशीं झालीं

हीं तळीं निसर्गानें दिलेलीं नाहींत, हें प्रथम ध्यानांत धरलें पाहिजे. मुळा नदीवर धरण बांधून त्याचें पाणी घाटाखालीं कोंकणांत भिरा येथें सोडावयाचें व त्यावर वीज उत्पन्न करावयाची, अशी टाटा कंपनीची योजना होती. जमीन संपादनाच्या सन १८९४ च्या कायद्यान्वयें खोऱ्यांतील जमिनी घेण्याचें ठरलें, तेव्हां मावळे उठले. सन १९२१ च्या रामनवमीस मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट हे याच लढ्यानें 'सेनापति' झाले. लढा सन १९२४ पर्यंत चालला. परंतु धरण झालें, आणि पन्नासांवर गांवांची जमीन पाण्याखालीं गेली.

त्या लढ्यांतील एक गोष्ट आजच्या कास्तकारानें विसरूं नये. खोऱ्यांतील पुष्कळ जमिनीचे कागदोपत्रीं मालक पुण्याचे सावकार होते, आणि मोबदल्याची रक्कम ठरतांच त्यांतील अनेकजण राजी झाले. नांगर ज्याच्या हातीं होता त्याचें नांव दप्तरांत नव्हतें, म्हणून त्याचा शब्द हलका पडला. पुढें सन १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनीं हजारों कुळें जमिनीचीं मालक झालीं. म्हणजे आज डोंगरउतारावर ज्या मावळ्याचें नांव सातबाऱ्यावर आहे, तें त्याच्या बापआजानें फार खस्ता खाऊन मिळविलेलें आहे.

मुळशीमागून इतर धरणें झालीं. पवनेचें धरण सन १९७२ चे सुमारास पुरें झालें. लोहगड, तुंग व तिकोना या किल्ल्यांमधलें खोरें पाण्यानें भरलें. सर्वत्र एकच घडलें : नदीकाठचीं काळीं, खोल मातीचीं खाचरें बुडालीं, आणि माणसें उतारावरच्या वरकसांत येऊन राहिलीं. तेथें त्यांनीं दगड वेंचून बांध घातले, मजग्या पाडल्या, झऱ्याचें पाणी पाटानें वळविलें आणि पुन्हां भात पिकविलें. गिऱ्हाईक आज मागतें आहे ती जमीन हीच. पहिल्या खेपेस जमीन गेली ती सरकारी हुकमानें. या खेपेस ती जाईल तर आपल्याच सहीनें जाईल. सक्तीविरुद्ध सत्याग्रह करतां येतो, पण स्वखुषीनें केलेल्या सहीविरुद्ध तो करतां येत नाहीं.

गिऱ्हाईक कशासाठीं येतें

मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग सन २००२ मध्यें पुरा झाला, आणि मावळ मुलूख मुंबईहून दोन-तीन तासांवर आला. शहरांत पैसा वाढला. आठवड्यास दोन दिवस डोंगरांत काढावे, तळ्याकाठीं बंगला असावा, ही हौस कित्येकांस परवडूं लागली. कांहींजण तंबू ठोकून पाहुणे उतरविण्याचा धंदा करूं लागले. पवनेच्या कांठीं असे तंबू शेंकड्यांनीं दिसतात. या मंडळींत वाईट कांहीं आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र गिऱ्हाईक दाम देतें तो देखाव्याचा. तुमच्या जमिनींत भात किती खंडी होतें हें तें विचारीत नाहीं, आणि तुमच्या झऱ्यावर खालचीं किती खाचरें जगतात हेंही विचारीत नाहीं. तें आपणच मोजलें पाहिजे.

मोठ्या योजनांची गतही वाचकांनीं पाहिलेली आहे. सन १९९६ मध्यें राज्य सरकारनें गिरिस्थानांच्या उभारणीचे नियम केले, आणि वरसगांवच्या तळ्याकाठीं लवासा हें नवें नगर उभें राहूं लागलें. नोव्हेंबर २०१० मध्यें केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानें काम थांबविण्याची नोटीस काढली. सन २०११ मध्यें अटी घालून परवानगी मिळाली. आणि सन २०१८ मध्यें ती कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखालीं आली. या नगरामुळें आपल्या मुलास नोकरी मिळेल, आपल्या दुधास व भाजीस गिऱ्हाईक मिळेल, अशा भरंवशावर कोणी जमीन दिली असेल, तर त्यानें जमीन रोख दिली आणि भरंवसा उधार घेतला. कंपनी बुडाली म्हणून जमीन आपोआप मूळ धन्याकडे परत येत नाहीं.

पाण्याचीही तीच कथा. पवनेचें पाणी बंद नळानें पिंपरी-चिंचवडास नेण्याच्या योजनेस मावळच्या शेतकऱ्यांनीं विरोध केला. दि. ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें आंदोलनावर पोलिसांनीं गोळीबार केला आणि तीन जणांनीं प्राण गमावले. धरणाकाठीं राहणाऱ्यास धरणाचें पाणी आपोआप मिळतें, ही समजूत बाहेरच्या माणसाची आहे. तळें डोळ्यांपुढें असून उन्हाळ्यांत हंडा घेऊन झऱ्यावर जाणाऱ्या बाया आम्हीं पाहिल्या आहेत.

गांवचें जिणें एका गटावर चालत नाहीं

डोंगरी गांवांत प्रत्येकाची जमीन स्वतंत्र असली, तरी तिचा उपयोग एकमेकांच्या आधारानें होतो. उन्हाळ्यांत राब भाजावयाचा, त्याची पानफांदी वरच्या जंगलांतून व बांधावरच्या झाडांतून आणावयाची. मृगांत तरवा पेरावयाचा. आषाढांत आवण चालतें. त्या वेळीं वरच्या खाचराचें पाणी फोडून खालच्या खाचरांत घेतात, व तेथून त्याखालच्यांत. दहा घरांचीं खाचरें अशीं एकाच पाण्यानें भरतात. गुरें गायरानांत जातात, तीं कोणाच्या तरी माळावरूनच जातात. देवराईची वाट, स्मशानाची वाट, झऱ्याची वाट, शाळेची वाट, या बहुतेक वाटा नकाशावर नसतात. त्या माणसांच्या पायांखालीं व म्हाताऱ्यांच्या ध्यानांत असतात.

अशा गांवांत एक गट विकला गेला आणि त्यास तारेचें कुंपण पडलें, म्हणजे एकट्या विकणाराचीच जमीन जात नाहीं. वरचें खाचर भराव घालून बंगल्यासाठीं सपाट केलें, तर खालच्या खाचराचें पाणी तुटतें किंवा भलत्याच बाजूनें लोंढ्यानें येऊन बांध फोडतें. या मुलखाचा पाऊस साधा नाहीं. दि. २५ जुलै २०२४ रोजीं ताम्हिणी येथें चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उतार कोठें व किती तोडावा, हें न पाहतां यंत्र लावणें म्हणजे जिवाशीं खेळ आहे. याच जिल्ह्यांत, डिंभें धरणाच्या मुलखांत, दि. ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर डोंगर कोसळून १५० हून अधिक माणसें गाडलीं गेलीं. डोंगरांत घर बांधणारा शहरांतला असो कीं गांवांतला, त्यानें ही गोष्ट आठवणींत ठेविली पाहिजे.

एका कुटुंबाची हकीकत

तळ्याकाठच्या एका गांवची हकीकत नांवनिशी गाळून देतों. तिघां भावांची सामाईक जमीन होती. दीड एकर खाचर खालीं, आणि चार एकर वरकस वर. वडील भावानें दलालाच्या सांगण्यावरून धाकट्यांचीं कुलमुखत्यारपत्रें घेतलीं आणि वरकस विकलें. दाम वाईट आला नाहीं. त्यांतून कौलारू घराच्या जागीं स्लॅबचें घर झालें, एक गाडी आली, दोन लग्नें उरकलीं. यांत उधळपट्टी म्हणावी असें कांहीं नव्हतें. तरीही तिसऱ्या वर्षीं हातीं शिल्लक उरली नाहीं.

पहिल्या वर्षीं घेणाराचें कुंपण पडलें. खाचरांत जाण्याची बैलवाट त्या वरकसांतून होती, आणि झऱ्याचा पाटही तेथूनच येत होता. खरेदीखतांत दोहोंपैकीं एकाचाही उल्लेख नव्हता. बैल व खत दुसऱ्याच्या बांधावरून फेरा घालून न्यावें लागूं लागलें. झऱ्याचें पाणी बंगल्याच्या हौदांत जाऊं लागलें, आणि आवण पावसाच्या मर्जीवर राहिलें. मंडळी कचेरींत आली तीं आठ महिन्यांनीं. मामलेदार कोर्टाच्या सन १९०६ च्या कायद्यान्वयें वाट किंवा पाण्याचा प्रवाह अडविल्याची दाद तहसीलदाराकडे मागतां येते; पण ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत मागावी लागते. ती मुदत टळली म्हणजे दिवाणी कोर्टाचा लांबचा रस्ता उरतो. इतक्यांत सासरीं दिलेल्या बहिणीनें, आपणांस न विचारतां जमीन विकली म्हणून, दावा लावला. तिचें म्हणणें रास्तच होतें. आज धाकट्या भावाचा मुलगा त्याच कुंपणाच्या फाटकावर पगारी राखणदार आहे. काम इमानाचें आहे, त्यांत कमीपणा नाहीं. पण फाटकाच्या आंतली जमीन त्याच्या आज्यानें मजग्या पाडून पिकाऊ केली होती.

त्याच गांवांत दुसऱ्या एका घरानें तळें दिसणारा माळ विकला नाहीं. भात निघाल्यावर, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत, माळाचा एक तुकडा तंबूंसाठीं लेखी करार करून दिला जातो. घरची माणसें पाहुण्यांस भाकरी, पिठलें व आंबेमोहराचा भात करून घालतात. उत्पन्न पहिल्या घरास एकदम मिळालेल्या रकमेच्या मानानें लहान आहे; परंतु तें दर वर्षीं येतें, आणि सातबाऱ्यावरचें नांव जेथें होतें तेथेंच आहे.

सही करण्यापूर्वीं काय पाहावें

जमीन विकूंच नये, असा उपदेश आम्ही करीत नाहीं. घरांत दुखणें आलें, मुलाचें शिक्षण अडलें, कर्ज डोक्यावर बसलें, म्हणजे विकणें भाग पडतें, आणि तशा माणसास दोष देणें अन्यायाचें होईल. मात्र विकावयाचीच तर पुढील गोष्टी पाहून विकावी.

पहिली गोष्ट, सातबारा व आठ-अ यांचे ताजे उतारे काढून शेवटच्या शब्दापर्यंत वाचावे. भोगवटादार वर्ग १ कीं वर्ग २, हें पाहावें. वर्ग २ ची जमीन, तसेंच धरणग्रस्त म्हणून पुनर्वसनांत मिळालेली जमीन, परवानगीशिवाय विकतां येत नाहीं. कुळकायद्यानें मिळालेल्या जमिनीस कलम ४३ ची अट असते. सन २०१४ च्या दुरुस्तीनें दहा वर्षें लोटलेल्या अशा जमिनीस आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ती अट सैल करून घेतां येते. 'इतर हक्क' या रकान्यांत बोजा, वाट, विहिरीचा हिस्सा, संपादनाचा शेरा, जें कांहीं असेल तें समजून घ्यावें.

दुसरी गोष्ट, मोजणी करून घ्यावी. तळ्याचें पाणी उन्हाळ्यांत ओसरतें आणि गाळाची जमीन उघडी पडते. ही गाळपेर जमीन संपादित क्षेत्रांतली असते. ती धरणाच्या मालकीची, आपली नव्हे. दलाल गिऱ्हाइकास 'पाण्यापर्यंत जमीन' असें सांगतो, आणि दस्तावर सही मात्र आपली असते. भूमि अभिलेख कचेरीची मोजणी होऊन हद्दीच्या खुणा उभ्या राहिल्याशिवाय विसार घेऊं नये.

तिसरी गोष्ट, घरांतल्या सर्वांची संमति घ्यावी, आणि सर्वांत मुली आल्या. सन २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी वडिलोपार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली, आणि सर्वोच्च न्यायालयानें दि. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानें तें आणखी स्पष्ट केलें. त्या दुरुस्तीच्या दिवशीं बाप हयात असलाच पाहिजे अशी अट नाहीं. बहिणीस वगळून केलेला व्यवहार हें उद्याचें भांडण आहे. तिच्याकडून कोऱ्या कागदावर सही घेणें हें तर भावाच्या नात्यास शोभत नाहीं.

चौथी गोष्ट, कुलमुखत्यारपत्र परक्याच्या हातीं देऊं नये. विकावयाचें तर धन्यानें स्वतः दुय्यम निबंधकापुढें उभें राहावें, दस्त वाचून घ्यावा, आणि पुरी रक्कम बँकेंत जमा झाल्याची खात्री करून मग सही करावी.

पांचवी गोष्ट, वाट, पाट, झरा आणि झाडें यांचा उल्लेख खरेदीखतांत शब्दांनीं व नकाशानें करावा. वाट किती फूट रुंद, कोठून कोठें, बैलगाडीची कीं पायाची, हें सर्व लिहावें. तोंडी वचनावर विसंबूं नये. घेणारा भला असला तरी तो उद्यां दुसऱ्यास विकील, आणि दुसऱ्यास तें वचन बांधीत नाहीं.

सहावी गोष्ट सर्वांत मोठी. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. नसेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणें परवानगी लागते. हाच नियम उद्यां आपल्यावर उलटूं शकतो. ज्यानें आपला शेवटचा गुंठा विकला, त्यास पुढें पैसा हातीं आल्यावर शेतजमीन घेतांना आपण शेतकरी असल्याचा पुरावा आणणें अवघड पडतें. सबब घर, गोठा व थोडें तरी खाचर नांवावर राहील असेंच विकावें. लहान तुकडे पाडून विकण्यास सन १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आहे. त्यांत अलीकडे फेरबदल झाले आहेत, म्हणून आपल्या गांवास आज कोणता नियम लागू आहे हें तहसील कचेरींत विचारून घ्यावें.

विकणारा नसून शेजारी असेल, त्यानेंही जागें राहावें. फेरफाराची नोंद धरली म्हणजे चावडीवर नोटीस लागते, आणि पंधरा दिवसांच्या आंत हरकत घेतां येते. नोटीस वाचण्याची संवय प्रत्येक कास्तकारानें लावून घ्यावी.

गांवानें करण्यासारखें

एकट्या घराच्या हुशारीनें सारें साधणार नाहीं. गांवच्या वाटा, झरे, गुरांचे माग, देवराईची व स्मशानाची वहिवाट यांची यादी ग्रामसभेनें म्हाताऱ्या माणसांस बरोबर घेऊन, गटाचे नंबर घालून करावी. ती ठरावांत लिहावी, आणि पंचायतीच्या दप्तरांत ठेवून तिची नक्कल तलाठ्याकडे द्यावी. अशा यादीनें नवा हक्क उत्पन्न होत नाहीं; पण जुना हक्क शाबीत करतांना ती फार उपयोगी पडते. नव्या घेणारासही जमीन घेण्यापूर्वीं काय चालत आलें आहे हें कळतें, आणि पुष्कळ भांडणें उगवण्यापूर्वींच मिटतात. बाहेरून आलेला सगळाच वर्ग आडमुठा नसतो. वाट सोडणारे, झरा मोकळा ठेवणारे, गांवच्या शाळेस हात देणारे बंगलेवालेही आम्हीं पाहिले आहेत. त्यांना गांवानें आपलें म्हणावें.

दुसरें असें कीं, तळ्याकाठच्या देखाव्याचें उत्पन्न जमीन न विकतांही घेतां येतें. राज्य सरकारनें सन २०२० मध्यें कृषि पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. त्याखालीं शेतकऱ्यास आपल्याच शेतावर पाहुण्यांची सोय करून नोंदणी करतां येते. जागा भाड्यानें द्यावयाची तर करार लेखी, मुदतीचा आणि नोंदलेला असावा. तंबू संपादित हद्दींत जाऊं देऊं नयेत. आणि आवणाच्या दिवसांत शेत शेतासाठींच मोकळें राहील अशी अट घालावी. पाहुणा भात पाहावयास येतो. भातच न राहिलें तर त्यानें तरी काय पाहावें?

गिऱ्हाईक दाराशीं आलें म्हणजे त्यास पाणी द्यावें, बसावयास घोंगडी घालावी, आणि उत्तर पुढच्या आठवड्यांत देतों म्हणून सांगावें. त्या आठवड्यांत उतारे काढावे, बहिणीस बोलवावें, शेजाऱ्यास विचारावें, आणि सर्वांनीं मिळून आपल्या वाटेनें व पाटानें एकदां हिंडून यावें. इतकें करूनही विकणें भाग पडलें, तर तें निदान समजून उमजून केलेलें विकणें होईल.